कॅमेरा स्तंभापाशी काय सांगायचं?

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर काल आमची चांगलीच जुंपली. मूकपटांच्या काळात इथं सिनेमा उभा करणाऱ्या बाबूराव पेंटरांचं कोल्हापूर पाव्हण्यांना पायी फिरवायचं, तर दाखवायचं काय?

मास्तरांचा रस्ता ठरलेला. सुरुवात केशवराव भोसले नाट्यगृहापासून, कारण बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवत पुढे आले. तिथून खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ, बाबूरावांच्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून उभारलेला.

बापू उसळलेच. "नाट्यगृह 2024 ला जळलं. स्तंभापाशी फोटो काढायचा आणि चालू पडायचं, एवढंच ना? त्यापेक्षा रंकाळ्यावर न्या. चित्रकार आबालाल रहिमानांनी रंगवलेलं पाणी अजून हाय तिथं."

मलाही क्षणभर तेच पटलं. पण आमचा लेथवाला मित्र इतका वेळ गप्प होता, त्यानं वर्तमानपत्राची बोटभर पट्टी फाडली आणि दुधाचा ग्लास बाजूला सारला.

"कॅमेऱ्यात फिल्म एकसारखी पळती असं वाटतंय काय? न्हाई. खिडकीसमोर थांबती. शटर उघडलं, उजेड पडला, शटर मिटलं. मिटलेलं असतानाच पंजा भोकात अडकतोय आणि पट्टी एक घर खाली ओढतोय. सेकंदाला सोळा-सोळा वेळा. मेळ जरा चुकला की चित्राला शेपूट फुटतंय." पट्टी त्याच्या दोन बोटांतून टक टक खाली सरकत होती. "आनंदराव 1916 ला गेले. तरी बाबूरावांनी शिष्य दामल्यांना हाताशी धरून 1918 ला स्वतः बनवलेला कॅमेरा चालवला. आज माझ्याकडं एवढी मशिनं हायत, पण हा पंजा पहिल्या दमात बसायचा न्हाई."

मग मात्र मी मास्तरांच्या बाजूला गेलो. स्तंभापाशी नुसती नावं वाचून दाखवली तर माणूस कोरडाच परत जातो. ही पट्टी दाखवली, तर 1920 चा बाबूरावांचा 'सैरंध्री' सिनेमा कशातून उभा राहिला ते त्याला कळेल.

"आणि पैसा?" मास्तर म्हणाले. "गाणाऱ्या तानीबाई कागलकरांनी दिला म्हणून बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. गुलाबबाई, अनसूयाबाई पडद्यावर आल्या, त्याही नावं बदलून. या तिघींची नावं खरी कॉर्नरला मोठ्यानं घ्यायची. त्याशिवाय मी येणार नाही."

त्यावर कुणी वाद घातला नाही.

लेथवाला लाकडी मॉडेल करून देतो म्हणाला, हातानं फिरवायच्या दांड्याचं. बापूंनी विचारलं, "पोरांना फिरवू देणार काय?"

"पोरांनीच फिरवायचं."

"मग येतो मी. पण शेवट रंकाळ्यावर करायचा."