‘डाग कुठलाही असो, एच१७.९ टाका’ हा सल्ला चुकतो कुठे

नव्या वैद्यकीय कोडरांमध्ये, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेलं निदान ठरावीक कोडमध्ये नोंदवणाऱ्यांमध्ये, एक सल्ला हातोहात फिरतोय: “कॉर्नियावर (डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्यावर) डाग किंवा ढगाळपणा दिसला की एच१७.९ टाका. कोड वैध आहे, डाग सगळे सारखेच, आणि डोळ्याची बाजू मॉडिफायरमध्ये (उपचाराच्या कोडला जोडायच्या खुणेत) येतेच.”

कोड वैध आहे, हे मान्य. आयसीडी-१०-सीएममध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या निदान-कोडांच्या यादीत, ‘कॉर्नियाचा डाग किंवा अपारदर्शकता, प्रकार न सांगितलेला’ म्हणून तो आहेच. डॉक्टरांनी नुसतं ‘कॉर्नियल स्कार’ लिहिलं असेल आणि विचारूनही जास्त काही कळलं नाही, तर एच१७.९ हेच बरोबर उत्तर.

पण ‘डाग सगळे सारखेच’ हे वाक्य मला खरोखर खटकतं. आपण सरसकट ‘डोळ्यात फूल पडलं’ म्हणतो, त्यात किती प्रकार असतात! नेब्युला म्हणजे पातळ धुकं, त्यातून आयरिसची (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याची) नक्षी दिसत राहते, तो एच१७.८१ मध्ये जातो. ल्यूकोमा दाट, पांढरा, मागचं काही दिसू न देणारा. कॉर्नियाला भोक पडून आयरिस त्या व्रणालाच चिकटली, तर अधेरंट ल्यूकोमा, म्हणजे एच१७.०. बाहुलीसमोर मधोमध अपारदर्शकता असेल तर एच१७.१, कडेला असेल तर एच१७.८२. नजरेच्या दृष्टीने मधला डाग आणि कडेचा डाग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी तपासलेल्या एका चार्टमध्ये निदानाच्या ओळीतच होतं, ‘अधेरंट ल्यूकोमा, ओडी’. ओडी म्हणजे उजवा डोळा, म्हणून एच१७.०१. लावला होता एच१७.९. डॉक्टरांनी लिहिलेलं कोडरने पुसलं.

बाजूचं म्हणाल, तर ही सवय आधीच्या आयसीडी-९ यादीतली. तिथल्या अधेरंट ल्यूकोमाच्या ३७१.०४ या कोडला डावं-उजवं नव्हतंच. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून नवी पद्धत आली आणि बाजू निदानाच्या कोडमध्येच आली. शस्त्रक्रिया कुठल्या डोळ्यावर झाली ते मॉडिफायर सांगतो. आजार कुठल्या डोळ्याला आहे ते निदानाच्या कोडनेच सांगायचं.

आणि ढगाळपणा म्हणजे व्रणच, असं तर अजिबात नाही. कॉर्नियाला सूज आली तरी तो धुरकट दिसतो, ती एच१८.२. भिंग गढूळ झालं तर तो मोतीबिंदू, कॉर्नियाशी संबंधच नाही. जन्मजात अपारदर्शकता क्यू१३.३. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने पडलेले व्रण ई५०.६.

नोंद अपुरी वाटली तर डॉक्टरांना विचारा: कुठला डोळा, मधोमध की कडेला, आयरिस चिकटली आहे का, आणि कारण काय?