‘लहान खेकडा’ म्हणजे कोणता खेकडा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज दुपारी पुन्हा एकदा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी ती थोडक्यात सांगते. खाऱ्या पाण्याच्या टाकीत लहान खेकडे आणि श्रिंप (कोळंबीच्या कुळातले, हौसेने पाळले जाणारे छोटे प्राणी) एकत्र राहू शकतात, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर विसंबून तुम्ही ९० लिटरच्या टाकीत दोन क्लीनर श्रिंप सोडले, आणि सोबत दुकानदाराने ‘हा लहानच असतो’ म्हणून दिलेला एक तपकिरी, केसाळ खेकडा. पाचव्या दिवशी एक श्रिंप गेला, आठव्या दिवशी दुसरा. दुसऱ्याला खेकडा खात असताना तुमच्या मुलीने शाळेत निघता निघता पाहिलं. ‘खेकडा तो खेकडाच. समुद्रात कोण कोणाला घरात घेतं? लेख काढून टाका,’ असं तुम्ही लिहिलंत.

लेख काढत नाही. पण त्यातली चूक माझी आहे आणि ती आज दुरुस्त केली आहे. ‘लहान’ हा शब्द मी फार सैल वापरला. लहान हे आजचं माप झालं, त्यावरून जात कळत नाही. बोटाच्या पेराएवढा दिसणारा खेकडा मोठ्या जातीचं पिल्लू असू शकतो. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एमराल्ड क्रॅब आणि पोर्सेलिन क्रॅब होते. ती नावं मी एकदाच, तीही ओझरती दिली. वाचणाऱ्याच्या मनात फक्त ‘लहान’ राहिलं तर त्यात वाचणाऱ्याचा दोष नाही. तुमच्या मुलीला जे बघावं लागलं त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आकार बघण्याऐवजी नांग्या बघायच्या, हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. एमराल्ड क्रॅबच्या नांगीचं टोक चमच्यासारखं खोलगट असतं, कारण त्याचं मुख्य काम दगडावरचं शेवाळ खरवडण्याचं. पोर्सेलिन क्रॅबच्या नांग्या चपट्या आणि रुंद असतात. तो त्या वापरतो जागेच्या भांडणात, आणि खातो मात्र तोंडाजवळच्या पिसांसारख्या अवयवांनी पाण्यातले कण गाळून. चालायचे पायही त्याचे तीनच जोड्या दिसतात, खऱ्या खेकड्याचे चार. आता तुमचं वर्णन : अंगावर केस, नांग्यांची टोकं काळी आणि अणकुचीदार. अशी टोकं धरायला आणि फोडायला असतात. या ठेवणीचे खेकडे बहुतेक वेळा दगडाच्या भोकात लपून टाकीत येतात, आणि हौशी लोक ते दिसले की बाहेर काढतात. तो विकत दिला जायला नको होता.

‘समुद्रात कोण कोणाला घरात घेतं’ हे मात्र मला मान्य नाही. हिंद आणि प्रशांत महासागरातल्या फांद्याफांद्यांच्या पोसिलोपोरा प्रवाळात ट्रॅपेझिया नावाचे इवलेसे खेकडे राहतात, आणि त्याच प्रवाळात अल्फियस जातीचे, नांगीचा फटका मारून आवाज करणारे श्रिंपही राहतात. बऱ्याचदा खेकड्यांची एक जोडी आणि श्रिंपची एक जोडी, अशी दोन बिऱ्हाडं एकाच प्रवाळात असतात. प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा चढून आला की दोघंही त्याच्यावर तुटून पडतात, खेकडा चिमटे काढतो, श्रिंप फटके मारतो, आणि पुष्कळदा त्याला हुसकावून लावतात. घर टिकलं तर दोघांचंही टिकतं. त्यामुळे खेकडा आणि श्रिंप हे जन्माचे वैरी आहेत असं मी लिहू शकत नाही.

मग टाकीत बिनसतं कुठे? माझ्या मते कात टाकायच्या रात्री. मागच्या लेखात यावर मी दोनच ओळी लिहिल्या, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझी आजी बाजारात खेकडा हातात तोलून बघायची. हलका लागला की ‘पोकळ आहे’ म्हणून परत टोपलीत. कोळणीही अमावास्या-पौर्णिमेचा हिशेब सांगायच्या. त्या हिशेबाचं काहीही असो, हलका खेकडा बहुधा नुकतीच कात टाकलेला असतो. कवच वाढत नाही, म्हणून आतलं अंग वाढलं की जुनं कवच फोडून बाहेर यावं लागतं. बाहेर आल्या आल्या प्राणी पाणी शोषून फुगतो, म्हणजे नवं कवच कडक होईल ते मोठ्या मापाचं होईल. त्या काळात आत मांस कमी आणि पाणी जास्त.

श्रिंपचंही तसंच. क्लीनर श्रिंप साधारण तीन ते सहा आठवड्यांनी, बहुतेक वेळा रात्री, कात टाकतो. एरवी धडधाकट श्रिंपला खेकड्याने पकडणं सोपं नाही, शेपटीचा एक झटका देऊन तो मागच्या मागे निसटतो. पण कात टाकल्यावर एक-दोन दिवस त्याचं अंग मऊ असतं आणि झटक्यात जोर नसतो. तो कपारीत जाऊन बसतो, आणि खेकड्याचं घरही कपारीतच. टाकीत दगडांची एकच रास आणि बसण्याजोगी एकच खोबण असेल तर दोघं त्याच जागी पोचतात. म्हणून मी हल्ली टाकी किती लिटरची हे विचारण्याआधी कपारी किती हे विचारते. दगडांचे दोन वेगळे ढीग, मधे मोकळी वाळू, आणि श्रिंप शिरेल पण खेकडा शिरणार नाही अशा दोन-तीन अरुंद फटी, एवढं तरी हवं.

माझ्या २५० लिटरच्या टाकीतही एकदा हे घडलं आहे. एमराल्ड क्रॅबने दगडावरचं सगळं बुडबुडा शेवाळ संपवलं आणि मी खूश होऊन बसले. त्याला आता खायला काही उरलं नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पंधरवड्याने सकाळी दिवा लावला तर त्याच्या नांगीत एक पेपरमिंट श्रिंप होता, मऊ, नुकतीच कात टाकलेला. तेव्हापासून त्याला दिवसाआड नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पातळ पानाचा) तुकडा आणि आठवड्यातून दोनदा धुतलेली, बारीक चिरलेली करंदी मिळते, दिवा मालवल्यावर, त्याच्या भोकाच्या तोंडाशी. पुन्हा तसं झालेलं नाही. क्लीनर श्रिंपची जोडी त्याच टाकीत तीन वर्षं आहे. या जातीचा प्रत्येक मोठा श्रिंप नरही असतो आणि मादीही, त्यामुळे दोघांच्याही पोटाखाली आळीपाळीने हिरवट अंडी दिसतात. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली होती.

आता तुमच्या टाकीबद्दल. श्रिंपची पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली आणि मग सोडले, असं तुम्ही लिहिलंय. टाकीच्या पाण्याची सापेक्ष घनता, म्हणजे ज्यावरून खारेपणा कळतो ते माप, १.०२७ होती. तरंगत ठेवल्याने फक्त तापमान जुळतं, खारेपणा जुळत नाही. दुकानातलं पाणी १.०२१ असेल तर श्रिंपसाठी ती उडी फार मोठी आहे. तो त्याच दिवशी मरेलच असं नाही, पुष्कळदा काही दिवसांनी अवेळी कात टाकायला जातो आणि त्यातच संपतो. पाचवा आणि आठवा दिवस वाचून माझ्या मनात पहिली शंका हीच आली. खेकड्याने मेलेला श्रिंप खाल्ला की जिवंत मारला, हे सकाळच्या दृश्यावरून ठरवता येणार नाही. दोन्ही शक्य आहे, आणि त्या नांग्या बघता खेकड्याला मी निर्दोष म्हणत नाही. पुढच्या वेळी श्रिंप पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत घ्या, आणि हवेच्या बारीक नळीला सैल गाठ मारून टाकीचं पाणी थेंबथेंब त्यात सोडा, तास-दीड तास, पाणी दुप्पट-तिप्पट होईपर्यंत. टाकीत १.०२५च्या आसपास राहू द्या. उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर साध्या आरओच्या पाण्याची घालायची, मिठाच्या पाण्याची नाही.

आणखी एक. त्या टाकीत माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर कधी औषध घातलं होतं का? त्यात तांबं असेल तर मासे तगतात, श्रिंप तगत नाहीत, आणि ते दगडात-वाळूत मुरून नंतर हळूहळू सुटत राहतं. बाटलीवरचं लेबल बघा.

हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा खेकडा, आणू का, असंही शेवटी विचारलंय. निळ्या पायांचे छोटे हर्मिट श्रिंपच्या वाटेला सहसा जात नाहीत, त्यांचा डोळा गोगलगाईंच्या शंखांवर असतो. प्रत्येकामागे दोन-तीन रिकामे, थोडे मोठे शंख टाकीत ठेवा. रंग किंवा व्हार्निश लावलेले शोभेचे शंख नकोत. पण आधी आत्ताचा खेकडा बाहेर यायला हवा.

त्याला मारू नका. उंच, गुळगुळीत काचेचा ग्लास दगडाला तिरका टेकवून ठेवा, तळाशी कोळंबीचा तुकडा, आणि दिवा मालवा. तो दगडावरून आत उतरेल, पण काच चढून वर येता येणार नाही. पहिल्या रात्री नाही आला तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवा. मग त्याला वेगळी छोटी टाकी, एक दगड आणि झाकण. मुलीला हवं असेल तर तिलाच त्याला खायला घालू द्या, त्या टाकीत त्याच्यापासून कोणाला भीती नाही.

ग्लासात आला की नांगीच्या टोकाचा जवळून एक फोटो पाठवा, आणि पाण्याचं आजचं मापही. ते बघेपर्यंत नवे श्रिंप आणू नका.