‘गिअरबॉक्स मारू नका’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल बदलावं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : ‘लाखाच्या पुढे गेलेल्या गाडीच्या ऑइलला हात लावायचा नसतो, कंपनीच ते आयुष्यभराचं म्हणते. माझ्या भावाने बदललं आणि महिन्यात गिअरबॉक्स बसला. घरबसल्या सल्ले देऊन लोकांचे गिअरबॉक्स मारू नका.’

एक चूक मान्य. लेखात मी ‘फ्लश’ हा शब्द सरसकट वापरला. फ्लश म्हणजे मशिन लावून सगळं ऑइल बदलणं वेगळं आणि चेंबरचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचा, बोल्ट काढून निघेल तेवढंच बदलणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातलं) ऑइल आतच राहतं. मला तोच प्रकार म्हणायचा होता. दुरुस्ती केली आहे.

पण ‘घरबसल्या’? माझ्या गाडीचा चेंबर १,४०,००० किलोमीटरला पहिल्यांदा उतरवला, तेव्हा मी स्वतः गाडीखाली आडवा होतो. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना गाडी झटका द्यायची. लाल असायला हवं ते ऑइल काळपट तपकिरी झालं होतं. तळातल्या चुंबकांवर करडा चिखल बसला होता. तो मी चिमटीत चोळून पाहिला. काजळासारखा मऊ, एकही कणी बोटाला टोचली नाही. टोचली असती तर आत काहीतरी तुटलंय असं समजून तिथंच थांबलो असतो. मग नवा फिल्टर, नवं पॅकिंग आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्याच ग्रेडचं ऑइल घातलं. हजार किलोमीटरनंतर पुन्हा बदललं, आणखी हजाराने पुन्हा. झटका गेला. आज गाडी २,३०,००० वर आहे आणि मी ती रोज चालवतो. मतभेद खुशाल असू द्या, पण ज्याचे हात कोपरापर्यंत ऑइलने भरलेत त्याच्याशी या भाषेत बोलू नका. मी तुमच्याशी तसा बोललो नव्हतो.

भावाच्या गाडीचं वाईट वाटलं. मात्र ऑइल बदलण्याआधी ती स्लिप होत होती का, याबद्दल तुम्ही चकार शब्द काढलेला नाही. गिअर घसरायला लागल्यावरच लोकांना ऑइल आठवतं. तोवर क्लच प्लेटचं अस्तर झिजलेलं असतं आणि ते कोणतंही ऑइल परत आणत नाही. अशा गाडीला बदलू नका, हे माझ्याही लेखात आहे. पूर्ण वाचला असतात तर दिसलं असतं.

‘आयुष्यभराचं’ म्हणाल, तर झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. यावर मी अधिक काही बोलत नाही.

भावाला एवढंच विचारा : निघालेल्या ऑइलला जळका वास होता का, नवं कोणत्या ग्रेडचं भरलं, आणि लेव्हल ठरलेल्या तापमानाला इंजिन चालू ठेवून तपासली का. उत्तरं इथे लिहा, मी वाचतो.