चुंबक चिकटला म्हणून बार नकली ठरत नाही

गेल्या महिन्यात आमच्या शेडमधून गेलेला दोनशे प्लंजरचा लॉट परत आला. चलनावर लाल पेनानं एकच ओळ होती: ‘मटेरियल एसएस नाही, चुंबक चिकटतो.’ एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील. प्लंजर होते सोलेनॉइड व्हॉल्व्हचे, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या झडपेतल्या सरकत्या दांड्या. कॉइलला करंट दिला की ती चुंबकासारखी वागते, प्लंजरला वर ओढते आणि व्हॉल्व्ह उघडतो. चुंबकाला दाद न देणारा प्लंजर तिथं जागचा हलणार नाही. म्हणजे ज्या गुणासाठी तो बार मुद्दाम मागवला, त्याच गुणासाठी माल नापास झाला.

स्टोअरमधल्या पोराला मी दोष देत नाही. त्याच्या मोबाइलवर आलेला मजकूर माझ्या घरच्या ग्रुपवरही आला होता आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या निम्म्या शेडमध्ये तो फिरतोय. मजकूर असा: ‘खरं स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर त्यात लोखंडाची भेसळ आहे. त्यात निकेल नसतं, म्हणून ते गंजतं आणि अन्नाला अपायकारक असतं. असा बार मशीनच्या कामाचा नसतो. चुंबक चिकटला नाही तर ३०४ समजा आणि बिनधास्त घ्या. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.’

वीस-बावीस वर्षं लेथवर स्टेनलेसचे बार सोलतोय. यातलं प्रत्येक वाक्य कुणाचं ना कुणाचं नुकसान करतंय, म्हणून एकेक घेतो.

‘चिकटलं तर लोखंडाची भेसळ.’ स्टेनलेस स्टील हे मुळात लोखंडच आहे. ज्या ३०४ ग्रेडची सगळे शपथ घेतात, त्यात जवळपास ७० टक्के लोखंड असतं, १८ ते २० टक्के क्रोमियम आणि ८ ते साडेदहा टक्के निकेल. ४३० हा दुसरा ग्रेड, माझे प्लंजर त्याच घराण्यातले; त्यात क्रोमियम १६ ते १८ टक्के, निकेल नावापुरतं आणि बाकी बहुतेक लोखंड. चुंबक चिकटणं न चिकटणं हे लोखंड किती आहे यावर नाही, त्याचे अणू कसे बसलेत यावर ठरतं. चौकोनी खोक्याच्या आठ कोपऱ्यांवर आठ आणि मधोमध एक, अशी बैठक असली की तिला फेराइट म्हणतात. तिला चुंबक धरतो. निकेल पुरेसं घातलं की बैठक बदलते, अणू खोक्याच्या सहा बाजूंच्या मध्यावर येतात. ते ऑस्टेनाइट. त्याला चुंबक धरत नाही. ४३० फेरिटिक आहे, ३०४ ऑस्टेनिटिक. दोन्ही स्टेनलेस.

हार्डनिंगचं काम करणाऱ्या जुन्या माणसांना हे पुस्तक न वाचता ठाऊक आहे. भट्टीतून जॉब काढायचा, चुंबक लावून बघायचा. लोखंड सुमारे ७७० अंशांना चुंबकाला सोडतं, तेव्हा कळतं की ताप कुठवर आलाय. तेच लोखंड थंड झालं की पुन्हा चिकटतं. मधल्या वेळात ते काही स्टेनलेस झालेलं नसतं.

‘निकेल नाही म्हणून नकली.’ इथं थोडा इतिहास सांगावा लागेल. इंग्लंडात शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली जे न गंजणारं पोलाद ओतलं, त्यात सुमारे १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. निकेलच्या जिवावर ते उभं नव्हतं आणि त्याला चुंबक चिकटायचा. सुऱ्या-काट्यांसाठी जगभर पसरलेलं स्टेनलेस ते हेच. त्याच सुमारास जर्मनीत क्रुप कंपनीत निकेलवालं पोलाद तयार झालं, तीही मोठीच कामगिरी. पण एक खरं आणि दुसरं खोटं असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. आज मानकं जी मर्यादा धरतात ती क्रोमियमची आहे: किमान साडेदहा टक्के. निकेलची अशी कुठलीच अट नाही.

आणि निकेलमुळे चुंबक पळतो असं ज्यांना वाटतं त्यांनी ओळखीच्या प्लेटिंगवाल्याकडे जावं आणि त्याच्या टाकीशेजारी ठेवलेल्या निकेलच्या ॲनोडला चुंबक लावून बघावा. घट्ट चिकटतो. शुद्ध निकेल स्वतःच चुंबकीय आहे; पोलादात ते फक्त अणूंची बैठक बदलतं.

निकेल नसण्याचा फायदा खिशाला कळतो. मार्च २०२२ मध्ये लंडनच्या धातूबाजारात निकेलचा भाव टनाला एक लाख डॉलरच्या वर गेला आणि बाजाराला व्यवहार थांबवावे लागले. तेव्हा ३०४ चं कोटेशन सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं यायचं. फेरिटिक बारला त्या भडक्याची झळ फारशी लागत नाही. आणखी एक गोष्ट, जी बार घेताना कुणी मोजत नाही. ४३० ची घनता सुमारे ७.७, ३०४ ची ७.९३. पंचवीस मिलीचा राउंड घेतला तर मीटरला ३०४ भरतो ३.८९ किलो आणि ४३० भरतो ३.७८. आपण बार किलोवर घेतो आणि तुकडे लांबीवर मोजतो. शंभर किलोमागं पाऊण मीटर बार जास्त हाती येतो. दोनशे प्लंजरच्या ऑर्डरीत तेवढ्यात एका दिवसाचा कूलंट निघतो.

‘ते गंजतं.’ हा मुद्दा सगळ्यात जास्त फसवतो, कारण लोकांनी डाग डोळ्यांनी पाहिलेले असतात. गंज अडवतो तो क्रोमियम. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचं जुळलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या दोन-तीन भागांएवढा तो पातळ असतो. ओरखडा पडला तर आपोआप पुन्हा धरतो. ४३० मध्ये हे काम करायला क्रोमियम पुरेसं आहे. माझ्या शेडमागं पन्हाळीखाली ४३० चा एक तुकडा दोन पावसाळे पडून आहे. अंगावर फिकट डाग आलेत, ओल्या चिंधीनं घासले की जातात. त्याच्या शेजारचा एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडाचा (माइल्ड स्टील) तुकडा हातात घेतला तर पापुद्रे सुटून तळहात तांबडा होतो.

मग आपल्याकडं स्टेनलेसवर गंज दिसतो तो कुठून येतो? बहुतेक वेळा ग्राइंडरच्या चाकावरून. एकाच चाकावर सकाळी एमएस घासायचं आणि दुपारी एसएस. एकाच बाकावर दोन्हीचा कीस. एमएसचे बारीक कण एसएसच्या अंगात रुततात आणि आपल्याकडचा जूनचा झिम्मड पाऊस सुरू झाला की आठवडाभरात त्या कणांवर तांबडे ठिपके उगवतात. पार्टी म्हणते बार डुप्लिकेट. ३०४ वरही हेच होतं. यावर उपाय साधा आहे: एसएसचं चाक, ब्रश आणि कानस वेगळी ठेवा, आणि शेवटी पॅसिव्हेशन, म्हणजे आम्लात बुडवून पृष्ठभागावरचे लोखंडी कण काढणं, करून घ्या.

उलट एका जागी ४३० हा ३०४ पेक्षा सरस आहे. क्लोराइड असलेलं पाणी, साठ अंशांच्या वर ताप आणि धातूवर ताण, हे तिन्ही एकत्र आले की ३०४ ला बारीक चिरा जातात. दिसायला भांडं चकचकीत, पण आतून तडकलेलं. फेरिटिक स्टीलला हा रोग जवळजवळ होतच नाही. साखर कारखान्यांत ज्यूस हीटर आणि इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना ४०९ आणि ४३९ हे फेरिटिक ग्रेड वापरतात, ते उगाच नाही. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांचं काम न केलेली शेड शोधून सापडायची नाही. तिथल्या फिटर मामांना विचारा. रेल्वेच्या कोळशाच्या वाघिणींनाही याच घराण्यातलं स्टील असतं, ओला कोळसा वर्षानुवर्षं अंगावर घेऊन.

‘अन्नाला अपायकारक.’ यात काहीही तथ्य नाही. १८/० छापलेले चमचे म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि शून्य निकेल, तेच हे. इंडक्शनवर तापणाऱ्या स्टीलच्या भांड्याच्या बुडाला बहुतेक वेळा ४३० चाच थर असतो, कारण चुंबकीय बूड नसेल तर ती शेगडी भांडं ओळखतच नाही. ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांना तर हेच स्टील सोसतं.

‘असा बार मशीनच्या कामाचा नसतो.’ हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं, कारण माझं घर याच बारवर चाललंय. एएसटीएम ए-२७६ या बारच्या मानकात मऊ अवस्थेतल्या ४३० आणि ३०४ या दोन्हींची किमान यील्ड ताकद (कायमचा आकार बिघडण्याआधी सोसलेला जोर) जवळपास सारखीच आहे, २०५ मेगापास्कलच्या आसपास. तुटण्याची ताकद ३०४ ची जास्त, ५१५ विरुद्ध ४१५, आणि तुटण्याआधी तो दुप्पट लांबतोही. पण लेथवर बसलात की ३०४ चा स्वभाव कळतो. टूल जरा घासलं तरी पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा कट त्या कडक सालीवर बसतो. कीस लांबच लांब, चकभोवती गुंडाळणारा. ४३० मध्ये ही कटकट कमी. ४३० एफ मध्ये तर गंधक मुद्दाम घातलेलं असतं, किमान ०.१५ टक्के, त्यामुळे कीस तुटून तुटून ट्रेमध्ये पडतो. माझे प्लंजर त्याच बारचे होते. लॉट परत आला त्या दिवशी मी एक कॉइल, एक माझा प्लंजर आणि त्याच मापाचा ३०४ चा एक सोलून तिकडं गेलो. करंट दिला. माझा टक् करून वर बसला, दुसरा तळाशी तसाच. पोरगं म्हणालं, “काका, हे आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई.” लॉट त्याच दुपारी जमा झाला.

तापल्यावर फुगण्यातही फरक आहे. ३०४ एमएसपेक्षा बराच जास्त फुगतो, ४३० एमएसपेक्षाही थोडा कमी. आणि उष्णता ४३० मधून दीडपट लवकर वाहते. भट्टीजवळचे पिन, खिळे, आधार यांना हे फार उपयोगी. ४३० सुमारे ८०० अंशांपर्यंत पापुद्रे न सोडता टिकतो, आणि २३ ते २७ टक्के क्रोमियमचा ४४६ तर ११०० च्या आसपास.

आता याच्या उण्या बाजूही सांगतो, कारण त्या लपवल्या की मग लोक चुंबकाकडे वळतात. ४३० चं वेल्डिंग सांभाळून करावं लागतं. जोडाशेजारच्या तापलेल्या पट्ट्यात धातूचा दाणा मोठा होतो. जोड व्हाइसमध्ये धरून वाकवला तर जोडाशेजारून कडकन तुटतो आणि तुटलेल्या तोंडावर खडीसाखरेसारखे चमकते दाणे दिसतात. ४३० एफ वेल्डिंगला घेऊच नये, गंधकामुळे त्याची गंज रोखण्याची ताकदही कमी असते. ४०० ते ५०० अंशांत महिनोन्‌महिने राहिला तर फेरिटिक बार ठिसूळ होतो. कडाक्याच्या थंडीत, शीतगृहाच्या कामात धक्का सोसत नाही. आणि मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ४३० चं ग्रिल लावणं चूकच, तिथल्या खाऱ्या हवेला मॉलिब्डेनम असलेला ३१६ लागतो. यातलं एकही काम बिघडलं तर दोष चुकीच्या निवडीचा आहे, भेसळीचा नाही.

शेवटचं वाक्य सगळ्यात घातक: ‘चिकटला नाही तर ३०४ समजा.’ बाजारात २०० सिरीजचा माल भरपूर आहे. त्यात महाग निकेलच्या जागी मँगनीज घातलेलं असतं. २०१ मध्ये निकेल साडेतीन ते साडेपाच टक्के, आणि जे-फोर म्हणून जो विकला जातो त्यात जेमतेम एक टक्का. या मालाला चुंबक चिकटत नाही. ज्याला फसवायचंय तो फेरिटिक बार देणारच नाही, तो २०० सिरीज देईल आणि चुंबकही स्वतःच पुढं करेल. उलट अस्सल ३०४ ला चुंबक थोडा धरू शकतो: थंड ओढलेल्या बारला, वाकवलेल्या तारेला, सिंकच्या खोल कोपऱ्याला. शिरोलीच्या फाउंड्रीत ओतलेल्या सीएफ-८ च्या (ओतीव ३०४ च्या) कास्टिंगला तर धरतोच, कारण ओतताना तडे जाऊ नयेत म्हणून त्यात थोडं फेराइट मुद्दाम ठेवतात. अशी चांगली कास्टिंगं चुंबक लावून नाकारलेली मी पाहिलीत.

चुंबक एवढंच सांगतो: तुम्ही ३०४ च्या भावानं पैसे मोजलेत आणि बारनं चुंबक जोरात खेचून घेतला, तर तो बहुधा ३०४ नाही. तेवढ्यापुरता तो खिशात ठेवा. चिकटणाऱ्या बारमध्ये ४१०, ४२० (तापवून-बुडवून कडक होणारं स्टेनलेस), ४३० की साधं एमएस, हे त्याला कळत नाही. ४१० आणि ४३० चा घोळ झाला तर माझ्याकडं एक जुनी रीत आहे. तुकडा हजार अंशांपर्यंत तापवून तेलात बुडवायचा आणि थंड झाल्यावर कानस मारायची. ४१० वर कानस जड चालते. ४३० वर ती सहज चावते, कारण फेरिटिक स्टील तापवून-बुडवून तसं कडक होत नाही.

२०० सिरीज ओळखायला मँगनीज तपासायचा थेंब बाजारात मिळतो, तो बॅटरीसोबत वापरायचा. पीएमआयची गन (एक्स-रे सोडून धातूतले घटक ओळखणारं हातातलं यंत्र) क्रोमियम, निकेल, मँगनीज क्षणात दाखवते, पण कार्बन दाखवत नाही. कार्बन आणि गंधक हवं असेल तर स्पेक्ट्रो, म्हणजे धातूतले सगळे घटक मोजणारी चाचणी, करून घ्या. आपल्याकडं इतक्या फाउंड्र्या आहेत की तुकडा घेऊन फार लांब जावं लागत नाही. बार घेताना बिलावर नुसतं ‘एसएस राउंड’ लिहून घेऊ नका, ग्रेड लिहून घ्या, टीसी (मिलचं टेस्ट सर्टिफिकेट) मागा आणि टीसीवरचा हीट नंबर, म्हणजे एका ओतणीला दिलेला क्रमांक, बारच्या टोकावरच्या नंबराशी स्वतः जुळवा. आणि शेडमध्ये कापायला घेतलात की नंबर पंच केलेल्या टोकाकडून कधीच सुरुवात करू नका. दुसऱ्या बाजूनं कापत या, म्हणजे शेवटचा वीतभर तुकडा उरेल तेव्हाही तो कोणता बार आहे हे त्याच्यावरच लिहिलेलं असेल.