सिअर्स नेमकं कशानं बुडालं?

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या कोपऱ्यावरचा वाणी विरुद्ध दहा मिनिटांत घरपोच सामान असा वाद रंगलाय. पुण्यातल्या मामेभावानं निकालच देऊन टाकला : 'काळाबरोबर बदलला नाही तो संपला. तुमच्या शिकागोचं सिअर्स बघ.' सिअर्स म्हणजे एके काळची बलाढ्य अमेरिकन दुकान-कंपनी. शिकागोजवळ राहून यावर गप्प बसणं कठीण आहे.

कारण सिअर्स हेच त्या काळातलं अॅप होतं. मिनेसोटातल्या रेल्वे स्टेशनवरचा एजंट रिचर्ड सिअर्स 1886 मध्ये घड्याळं विकू लागला. 1892 मध्ये 'सिअर्स, रोबक' कंपनी झाली आणि टपालानं माल मागवायचा तिचा जाडजूड कॅटलॉग शेतकऱ्यांच्या घरोघरी पोचला. त्यातून शिलाई मशीन मिळे, नांगर मिळे. 1908 ते 1940 या काळात तर अख्खी घरं मिळत! कापलेलं, नंबर घातलेलं लाकूड रेल्वेनं यायचं, उभारायचं आपलं आपण. गावोगावचे दुकानदार तेव्हाही खवळले; काहींनी कॅटलॉगच्या होळ्या केल्या.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना मात्र हा कॅटलॉग वरदान वाटला असेल. गावातला गोरा दुकानदार त्यांना सगळ्यात शेवटी माल द्यायचा, उधारी द्यायची की नाही तेही त्याच्याच मर्जीवर. टपालानं मागवताना ही मर्जी आड येत नव्हती. वाण्याच्या आपुलकीचे गोडवे गाताना ती आपल्या गावात कुणाकुणाच्या वाट्याला आली, हेही एकदा आठवावं.

1973 मध्ये कंपनीनं 110 मजली टॉवर बांधला, तेव्हा जगातला सर्वांत उंच. 1993 मध्ये तिनं तो मोठा कॅटलॉग बंद केला आणि पुढच्याच वर्षी अॅमेझॉन सुरू झालं. इथपर्यंत मामेभावाचं खरं आहे. वॉलमार्टनंही तोवर मागे टाकलं होतंच.

पण पुढचं तो सांगत नाही. 2005 मध्ये के-मार्ट या दुसऱ्या दुकान-साखळीशी विलीनीकरण झालं आणि सूत्रं गुंतवणूक फंड चालवणाऱ्या एडी लॅम्पर्ट यांच्याकडे आली. 2015 मध्ये दोनशेहून अधिक दुकानांच्या जागा सुमारे 270 कोटी डॉलरना एका नव्या कंपनीला विकल्या. तिचेही अध्यक्ष लॅम्पर्टच! मग सिअर्स स्वतःच्याच जुन्या दुकानांचं भाडं भरू लागलं. दुकानं तगवायला पैसा हवा होता, हा त्यांचा युक्तिवाद. तरी 2018 मध्ये दिवाळं निघालंच. लालबाग-परळच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गिरण्या 1982 च्या संपानं मेल्या की जमिनीला सोन्याचा भाव आला म्हणून, हे भांडण तिथं अजून मिटलेलं नाही, आणि फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल उभा आहे.

त्यामुळे 'बदल स्वीकारा' या उपदेशाचा मला कंटाळा आलाय. वाणी तरेल की बुडेल, यापेक्षा पाठीवर पिशवी अडकवून भरपावसात धावणाऱ्या पोरांची मला जास्त काळजी वाटते. त्यांना ऑर्डरमागे पैसे मिळतात, कंपनीच्या नफ्याशी त्यांचा संबंध नाही. सिअर्सनं 1916 मध्येच नोकरदारांसाठी नफ्यातल्या वाट्याचा फंड काढला होता. पुढे तोच फंड कंपनीचा सर्वांत मोठा भागधारक झाला. सिअर्सचा दाखला द्यायचाच असेल, तर मामेभावानं हाही द्यावा.