चरण्याची वही

मुलाच्या किडलेल्या दाढेपेक्षा जास्त छळ मला त्या वहीने केला. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "हा काय खातो आणि किती वाजता खातो, सगळं लिहून आणा."

आईचा विरोध होता. "दुधाचे दात पडायचेच. त्यात कसले पैसे घालता?" पण किडली होती ती दुधाची नव्हेच. सहाव्या वर्षाच्या सुमारास ही कायमची दाढ सगळ्यात मागे, एकही दात न पाडता येऊन बसते, त्यामुळे घरात कुणाला तिचा पत्ता नसतो.

वही भरायला घेतली. सकाळी दुधात चॉकलेटची पावडर. रिक्षावाल्या काकांकडून, दंगा करू नये म्हणून, लिमलेटची गोळी. मधल्या सुट्टीत क्रीमची बिस्किटं. मग वर्गात वाटलेलं वाढदिवसाचं चॉकलेट. तिसरीच्या वर्गात रोज कुणीतरी जन्मलेलं असतंच. घरी आल्यावर वेफर्स, खेळायला जाताना चिक्की, झोपताना पुन्हा गोड दूध. साखरफुटाणे लिहायला गेलो तर आईने हात धरला. "तो प्रसाद आहे. प्रसाद खाण्यात धरत नाहीत."

बाईंनी किती खाल्लं ते पाहिलंच नाही. कितीदा खाल्लं, तेवढ्यावर लाल टिंबं देत गेल्या. वहीला गोवर आला. गोड तोंडात पडलं की काही मिनिटांत जंतू त्याचं आम्ल करतात. सामू, म्हणजे आम्लपणा मोजायचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळायला लागतं. लाळ बिचारी ते निस्तरते, झीजही थोडी भरून काढते, पण तिला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. आमच्याकडे तिचं एक निस्तरून होतंय तोवर चिक्की हजर. वेफर्स खारट म्हणून मी निर्धास्त होतो, तर त्यांचाही लगदा दाढेच्या खाचेत चिकटून बसतो म्हणे.

"वाटीभर श्रीखंड जेवणात खाऊ दे एक वेळ," बाई म्हणाल्या, "पण दुपारभर गोळी चघळणं बंद."

स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेटं फक्त शनिवारी द्यायची जुनी पद्धत आहे, हेही त्यांनी सांगितलं. ते मी घरी सांगितलं मात्र, चिरंजीवांनी विचारलं, "शुक्रवारी रात्री बारा वाजता शनिवार लागतो ना?" स्वीडन तिथेच बारगळलं. शेवटी, गोड काय ते जेवणातच, असा कायदा केला.

रविवारी दुपारी पाहतो तर चिरंजीव ताटावर. समोर पोळीचा वाळलेला चतकोर, डाव्या हाताला चिक्की. घड्याळात चार वाजत आलेले.

"हे काय?"

"अजून जेवतोय, बाबा."

मी ताट उचलायला वाकलो, तोच आतून आईचा आवाज आला, "जेवत्या पोराला उठवू नये रे!"