‘तीनदा फॉर्म भरला, तिन्ही वेळा कोरा झाला’ या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या मुलीला दिवाळीचा फराळ पाठवण्यासाठी आपण आमच्या संकेतस्थळावर तीनदा फॉर्म भरलात, तिन्ही वेळा तो कोरा झाला आणि दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानात फोन केल्यावर ‘तुमचं नेट तपासा’ असे ऐकावे लागले, म्हणून आपण एकच तारा दिलात. तक्रार रास्त आहे. नेटचा दोष नव्हता, आणि असे उत्तर आमच्याकडून जायलाच नको होते.

आपण लिहिले आहे की प्रत्येक वेळी पत्ता पाहायला व्हॉट्सअ‍ॅप उघडले होते. मेमरी कमी पडली की मोबाइल मागे राहिलेले पान टाकून देतो आणि परतल्यावर ते नव्याने लोड करतो. आमचा फॉर्म तेव्हा काहीच लक्षात ठेवत नव्हता. आता पदार्थ निवडला किंवा वजन बदलले की ती निवड लगेच यूआरएलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दिसणाऱ्या पानाच्या लिंकमध्ये, प्रश्नचिन्हाच्या पुढे लिहिली जाते आणि पान उघडताना फॉर्म त्यावरून भरून येतो. तिथे पदार्थांची नावे नसून क्रमांक आहेत, कारण ‘चकली’ हा तीन अक्षरी शब्द यूआरएलच्या सांकेतिक रूपात 36 चिन्हांचा होतो. सगळा फराळ लिहायचा तर लिंक मारुतीच्या शेपटासारखी वाढेल. दरही तिथे ठेवलेला नाही. लिंकमधला आकडा कोणीही बदलू शकतो, त्यामुळे हिशेब आमच्याच दरपत्रकावरून होतो. (सुरुवातीला ब्राउझरच्या हिस्टरीत प्रत्येक बदलाची वेगळी नोंद होत होती, आणि मागे जायला बॅकचे बटण दहा-बारा वेळा दाबावे लागे. आता जुन्या नोंदीच्या जागीच नवी बसते.)

‘पत्त्यासकट सगळे लिंकमध्येच ठेवा’ ही आपली सूचना मात्र आम्ही स्वीकारलेली नाही. लिंक ब्राउझरच्या हिस्टरीत राहते, सर्व्हरच्या नोंदींत उतरते आणि ‘बघ, काय मागवलंय’ म्हणून घरच्या ग्रुपवरही जाते. तिच्याबरोबर मुलीचा पत्ता आणि फोन नंबर फिरू नये. हे तपशील ब्राउझरमध्ये त्या टॅबपुरतेच राहतात: रिफ्रेश केल्यास टिकतात, टॅब बंद केल्यास पुसले जातात आणि पुन्हा भरावे लागतात. एवढी गैरसोय आम्ही जाणून ठेवली आहे.

कृपया एकदा फॉर्म भरून, पान मुद्दाम रिफ्रेश करून पाहावे. तरीही काही गळले तर दुकानात फोन करून मालकांना बोलवायला सांगावे. आपली ऑर्डर मी स्वतः लिहून घेईन.